दोन दिवसांत शिकवता येतं तेवढंच : ॲजाइल प्रशिक्षणाचा इतिहास

ॲजाइल आणि जुनं प्रकल्प व्यवस्थापन यांच्या भांडणाची एक ठरीव गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. आधी लोक वर्षभराचे आराखडे करत बसायचे, प्रकल्प बुडायचे. मग २००१ साली सतरा जण एका डोंगरावर जमले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. प्रशिक्षणवर्गात पहिल्याच तासाला ही गोष्ट सांगतात. पण मूळ कागद काढून वाचले की ती टिकत नाही. आज आपण ते कागद वाचू.

सुरुवात १९७० पासून करू. विन्स्टन रॉइस हा अमेरिकेतला अभियंता अवकाशयानांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. त्या वर्षी त्याने मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या व्यवस्थापनावर एक लेख लिहिला. त्यात पायऱ्यांचं ते प्रसिद्ध चित्र आहे: आधी गरजा, मग विश्लेषण, मग रचना, मग कोड, शेवटी चाचणी. वॉटरफॉल हा शब्द मात्र लेखात कुठेच नाही, तो १९७६ मध्ये दुसऱ्यांच्या निबंधात आला. आणि गंमत म्हणजे चित्र काढून झाल्याबरोबर रॉइस लिहितो, की हे असंच राबवणं धोक्याचं आहे. का? तर वेग, मेमरी, डेटाची ने-आण हे सगळं प्रत्यक्ष कसं वागतं ते चाचणीतच पहिल्यांदा कळतं, आणि तेव्हा पार उशीर झालेला असतो. खर्च किंवा वेळ दुपटीपर्यंत जाऊ शकते, असं तो स्पष्ट म्हणतो. त्याचा सल्ला काय, तर तीस महिन्यांचं काम असेल तर दहा महिन्यांत एक कच्ची प्रतिकृती बांधून बघा. ग्राहकाला मध्ये मध्ये बोलवा. म्हणजे ज्याला आपण वॉटरफॉलचा जनक म्हणतो, तोच त्याचा पहिला टीकाकार निघतो.

मग चित्र टिकलं आणि इशारा का गळला? आम्हाला याचं साधं कारण दिसतं: चित्र फळ्यावर काढता येतं. इशारा समजायला एखादा प्रकल्प अंगावर घ्यावा लागतो. शिवाय चित्र करारात बसतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये २१६७ क्रमांकाचं मानक काढलं. एक टप्पा, त्याची कागदपत्रं, त्याची तपासणी, मग पुढचा टप्पा, असाच त्याचा व्यवहारात अर्थ लावला गेला. १९९४ मध्ये ते मानक बदललं, पण तोवर एक अख्खी पिढी त्यावर तयार झाली होती.

आता दुसऱ्या बाजूला येऊ, कारण तिथेही हेच घडलं. क्रायस्लर या मोटार कंपनीत पगारपत्रकाची नवी प्रणाली अडकली होती. १९९६ मध्ये केंट बेक तिथे आला. दोघांनी एका यंत्रावर बसून कोड लिहायचा, चाचणी आधी लिहायची, ग्राहकाचा माणूस टीमच्या शेजारी बसवायचा, अशी शिस्त लावली. १९९७ मध्ये सुमारे दहा हजार लोकांचे पगार त्यावर निघू लागले. हीच एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगची जन्मकथा. २००० मध्ये हा प्रकल्प बंद झाला, हे मात्र वर्गात फारसं कोणी सांगत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि जाहीरनामा निघाला. त्यात आराखडा पाळण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोठं मानलं आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. आराखड्यालाही मूल्य आहे, ही त्यातलीच शेवटची कबुली विसरली जाते. इथेही इशारा गळलाच.

आता पेच असा, की जाहीरनामा शिकवायचा कसा? चाचणी आधी लिहिणं अंगवळणी पडायला महिने लागतात. स्क्रमने मात्र कोड कसा लिहायचा याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. भूमिका, बैठका आणि याद्या, बस्स. हे दोन दिवसांत शिकवता येतं. केन श्वेबरने २००३ च्या सुमारास स्क्रममास्टरचे प्रमाणपत्र-वर्ग सुरू केले. सुरुवातीची काही वर्षं परीक्षाही नव्हती. दोन दिवस बसलात की प्रमाणपत्र. प्रमाणपत्रांवरूनच पुढे मतभेद झाले आणि २००९ मध्ये श्वेबरने आपली वेगळी संस्था काढली.

खरी अडचण वर्ग संपल्यावर, सोमवारी सुरू होते. माणूस कंपनीत परततो तेव्हा कराराचा कागद जुनाच असतो. काय करायचं, किती पैशांत, कोणत्या तारखेला, हे सहीच्या दिवशीच ठरलेलं. मग दर दोन आठवड्यांनी ग्राहकाकडून जे नवं कळतं, ते ठेवायचं कुठे? ते ‘चेंज रिक्वेस्ट’ बनतं आणि त्यावर भांडण होतं. अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला, हा या दोन पद्धतींमधला खरा वाद, आणि वर्गात त्याला एक तासही मिळत नाही. त्याची झळ बसते ती टीमला. वरून तारीख तीच, शिवाय रोजची बैठक. टीमने आपापसात बोलण्यासाठी असलेली ती पंधरा मिनिटं मॅनेजरपुढची हजेरी होते. हिंजवडीत हे आपल्याला नवीन नाही. ग्राहक अमेरिकेत, त्यामुळे सकाळचं ‘स्टँड-अप’ संध्याकाळी साडेसातला, आणि तेही बसून!

प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींना यात खलनायक करू नये. त्यांची संस्था, पीएमआय, १९६९ ची. परीक्षा १९८४ पासूनची, तीही अनुभव असल्याशिवाय देता येत नाही. पैशाचा आणि तारखेचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. स्क्रमच्या तक्त्यात त्यांचं पदच नव्हतं. पुष्कळांनी दोन दिवसांचा वर्ग केला, पाटी बदलली आणि काम तेच चालू ठेवलं. दुसरा मार्ग कोणी दाखवला होता?

पुढे तर बाजू उलटल्या. पीएमआयने २०११ मध्ये स्वतःची ॲजाइल परीक्षा काढली, २०१७ मध्ये ॲजाइल अलायन्सबरोबर मार्गदर्शिका काढली, आणि २०२१ च्या सातव्या आवृत्तीत प्रक्रियांच्या जागी बारा तत्त्वं आणली. त्याच काळात, २०१४ मध्ये डेव्ह थॉमसने आणि २०१८ मध्ये रॉन जेफ्रीजने, दोघेही त्या सतरा जणांतले, ॲजाइल या नावाचाच नाद सोडा असं लिहिलं.

करार मात्र अजून पुष्कळ ठिकाणी तसाच आहे. पुढच्या व्याख्यानात त्या कराराचाच इतिहास घेऊ. आता प्रश्न. ज्यांनी ठरलेल्या किमतीच्या कामावर स्प्रिंट चालवले आहेत, त्यांनी माईक आधी घ्यावा.