फोन्तेची मारिया

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "खेड्यातल्या बायकांनी कधी सरकार पाडलंय का हो?" पाडलंय. १८४६ साली, पोर्तुगालमध्ये. तेव्हा गोवा ज्यांच्या ताब्यात होता, त्याच देशात.

तिथं गादीवर होती राणी दुसरी मारिया, पण कारभार कोस्ता काब्राल या मंत्र्याच्या हातात. माणूस फार कडक. त्यानं कराची नवी पद्धत आणली, कुणाची किती मालमत्ता याचे कागद भरून मागितले. लोक त्या कागदांना चोरीच्या चिठ्ठ्या म्हणायचे. त्यात आरोग्याचा कायदा आला. मेलेल्या माणसाला चर्चमध्ये पुरायचं नाही, वेगळ्या दफनभूमीत न्यायचं. आधी दाखला काढायचा, त्याचे पैसे भरायचे.

खरं सांगायचं तर कायदा वेडगळ नव्हता. लोक प्रार्थनेला बसतात त्याच फरशीखाली प्रेतं पुरणं तब्येतीला बरं नव्हतंच. पण आईबाप जिथं निजले तिथून आपलं माणूस तोडायचं, वर त्यासाठी पैसे मोजायचे? बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये उत्तरेकडच्या मिन्यो भागात, फोन्ते आर्कादा गावात एक बाई वारली. शेजारणी जमल्या आणि त्यांनी तिला चर्चमध्येच पुरलं. काही जणींना अटक झाली. मग बाकीच्या कोयते-कुदळी घेऊन निघाल्या, तुरुंगाचं दार फोडलं आणि त्यांना सोडवून आणलं. बघता बघता उठाव गावोगाव पसरला, कराचे कागद जळाले. पुरुष मंडळी मागून आली, हेही लक्षात असू द्या. सरकारवर नाराज असलेले पुढारीही उतरले. मे महिन्यात कोस्ता काब्रालला खुर्ची सोडावी लागली. तो स्पेनला निघून गेला.

उठावाला नाव पडलं 'मारिया दा फोन्ते', म्हणजे फोन्तेची मारिया. ही मारिया नेमकी कोण, यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर, कोयता घेऊन इतक्या जणी निघाल्या असताना एकीलाच कशाला शोधायचं?

पुढं मोठ्यांच्या भांडणात यादवी झाली. राणीच्या मदतीला ब्रिटन आणि स्पेन धावले. १८४९ मध्ये कोस्ता काब्राल परत सत्तेवर आला. दोन वर्षांनी त्याला पुन्हा जावं लागलं, पण त्या वेळी त्याला हटवलं ते लष्करानं.