अर्धी नजर



लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी वाट तुंगार्लीवरून जाते. आषाढ-श्रावणात या वाटेवर धुके उतरले, म्हणजे चार पावलांवरचे माणूसही दिसेनासे होते. पण धुक्याचे एक बरे असते. धुके आहे, हे आपल्याला कळते. म्हणून आपण जपून चालतो, हाक मारतो, काठी टेकतो. आज ज्या अंधत्वाची हकीकत मी सांगणार आहे, त्यात माणसाची अर्धी नजर जाते आणि ती गेली आहे, हे पुष्कळदा त्याचे त्यालाच उमगत नाही.

समजा, तुंगार्लीत एक काका आहेत. मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मागून मार लागला. जखम भरली, काका घरी आले. पण जेवताना ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहून जाते. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. घरची माणसे म्हणतात, “काका, लक्ष कुठं असतं तुमचं?” चष्मा बदलून होतो, गुण येत नाही. येणार कसा? दुखणे डोळ्यांत नाहीच मुळी, ते मेंदूत आहे.

डोळा नुसता टिपतो, पाहतो तो मेंदू. डोक्याच्या मागे, बायका अंबाडा घालतात त्या सुमारास, आत मेंदूचा पाहणारा भाग असतो. त्याची वाटणी मोठी चमत्कारिक आहे. दोन्ही डोळ्यांना डावीकडचे जे दिसते, ते उजव्या मेंदूकडे जाते आणि उजवीकडचे डाव्या मेंदूकडे. म्हणून उजव्या मेंदूला मागे इजा झाली, की दोन्ही डोळ्यांची डावी बाजू जाते. डॉक्टर याला हेमियानोपिया म्हणतात. तिथे काळा पडदा दिसत नाही, काहीच दिसत नाही. आपल्या पाठीमागचे आपल्याला काळे दिसते का? नाही. ते नसतेच. तसेच हे.

ही वाटणी माणसाला नेमकी कळली ती रणांगणावर. 1904-05 साली रशिया आणि जपान यांचे युद्ध झाले. रशियन बंदुकीची गोळी बारीक आणि वेगवान. ती डोक्यातून आरपार गेली, तरी काही जवान वाचत. त्यांची नजर किती गेली, हे ठरवून त्यांना पेन्शन द्यायची होती. ते काम तात्सुजी इनोऊये या तरुण नेत्रवैद्याकडे आले. गोळी कोठून शिरली, कोठून बाहेर पडली, हे मोजायला त्याने एक यंत्र केले आणि मेंदूचा कोणता भाग गेला म्हणजे नजरेचा कोणता भाग जातो, याचा नकाशा काढला. तो 1909 साली जर्मन भाषेत छापून निघाला. पेन्शनच्या हिशेबातून एवढी मोठी विद्या निघाली!

पुढे 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. त्या युद्धात आपल्याकडचेही हजारो जवान गेले. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत त्यांच्या संख्येच्या पाट्या लागलेल्या आहेत. फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यांत गॉर्डन होम्स या डॉक्टरने शेकडो जखमी तपासले आणि तो नकाशा आणखी पक्का केला.

पण नकाशा काढला म्हणून वाट चालता येते असे नाही. जखमी माणसाने पुढे जगायचे कसे? हा प्रश्न जर्मनीत वाल्टर पॉपेलरॉयटर यांनी हाती घेतला. मेंदूला मार लागलेल्या शिपायांना पुन्हा कामाला लावायचे, म्हणून त्यांना समोरच्या पाटावरच्या वस्तू शोधायला लावून नजर फिरवण्याचा सराव दिला जाई. 1917 साली त्यांचा ग्रंथ निघाला. न दिसणाऱ्या बाजूला डोळा मुद्दाम पाठवायचा, या शिक्षणाचे मूळ इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धातली एक हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. 1943 साली झासेत्स्की नावाचा एक रशियन तरुण डाव्या मेंदूला गोळी लागून जखमी झाला. त्याची उजवीकडची नजर गेली, वाचणेही गेले. अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञाने त्याला अनेक वर्षे साथ दिली. झासेत्स्की पुन्हा अक्षर-अक्षर करीत वाचायला शिकला आणि वर्षानुवर्षे चिकाटीने स्वतःची कहाणी लिहीत राहिला. लुरियांनी त्याच्यावर लिहिलेले पुस्तक 1971 साली प्रसिद्ध झाले.

शिक्षकमित्रांनो, वाचनाचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. आपली नजर ओळीवरून सरळ घसरत नाही, उड्या मारीत जाते. एका सेकंदात साधारण तीन उड्या. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. उजवी नजर गेलेल्याला पुढचा शब्द दिसत नाही, म्हणून त्याचे वाचन अडखळते. डावी नजर गेलेल्याला नव्या ओळीचा आरंभच सापडत नाही, मग ‘महाराष्ट्र’चे ‘राष्ट्र’ होते. उर्दू वाचणाऱ्याची अडचण याच्या नेमकी उलट. अशा माणसाच्या पानावर डाव्या समासात एक ठळक तांबडी रेघ मारा आणि ती दिसेपर्यंत डोळा मागे न्यायला सांगा. ओळीखाली पट्टी धरा. बिनखर्चाचे उपाय, पण उपयोगी.

या शिक्षणाला आजची शिस्त आली ती 1980 नंतरच्या काळात, जर्मनीतल्या म्युनिकमध्ये. योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने मोजली. काहीजण आपणहून नजर फिरवायला शिकतात, असे त्यांना आढळले. बाकीचे आंधळ्या बाजूला फार लहान उड्या मारतात, चुकतात, पुन्हा मागे येतात. म्हणून आधी शिकवायची मोठी उडी. न दिसणाऱ्या बाजूला नजर एकदम लांब टाकायची. मग रांगेने शोधायचे, आपण पेरणीला तास धरतो तसे, एकही जागा न सोडता. आणि शेवटी हाच सराव घरात, बाजारात, रस्त्यावर करायचा.

आता कोणी विचारील, या सरावाने गेलेली नजर परत येते का? इथे खरे सांगितले पाहिजे. इजा झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत काहींची नजर थोडीफार आपोआप सुधारते. त्यानंतर फारशी नाही. 1998 साली जर्मनीतच काही संशोधकांनी संगणकावरच्या सरावाने दृष्टीचा गेलेला भाग थोडा भरून येतो असे मांडले. मोठी आशा निर्माण झाली. पण 2005 साली डोळा जागचा हलतो की काय, हे बारकाईने पाहून पुन्हा मोजले, तेव्हा सुधारणा आढळली नाही. 2019 सालच्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्षही सावध आहे. नजर फिरवण्याच्या शिक्षणाने रोजचे जगणे सुधारू शकते, पण पुरावा अजून भक्कम नाही आणि गेलेला भाग भरून येतो असे काही दिसत नाही.

लोणावळ्याच्या माणसाला इथे त्राटक आठवेल. याच लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगातल्या क्रिया शास्त्रीय कसोटीवर घासून पाहण्याचा पायंडा पाडला. त्राटकात नजर एका बिंदूवर ठरवायची असते. आपल्या काकांना मात्र ती हलवायला शिकायचे आहे. तेव्हा त्राटक करून हे दुखणे जाईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मोजल्याशिवाय मानायचे नाही, ही शिस्त तर आपल्याच शेजारी रुजलेली आहे.

मग गावातल्या माणसाने काय करावे? एक साधी परीक्षा आहे. रुग्णाच्या समोर हातभर अंतरावर बसा. त्याला एक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे पाहायला सांगा. बाजूला बोटे हलवा, दिसली का विचारा. मग दुसरा डोळा झाकून तसेच करा. दोन्ही वेळा एकाच बाजूची बोटे दिसली नाहीत, तर मेंदूची शंका घ्यावी आणि मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावे. हाच प्रकार एकाएकी झाला असेल, किंवा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत दिले जाते.

आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत अशा माणसाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये. तो रागावेल, रागावू द्या.

घरच्या मंडळींना शेवटची एकच विनंती. “लक्ष कुठं आहे?” हे विचारणे सोडा. त्याऐवजी म्हणा, “काका, डावीकडं बघा.” दिवसातून पन्नास वेळा म्हणावे लागेल. काही आठवड्यांनी काका स्वतःच मान वळवू लागतील, ताटातली चटणी त्यांच्या बोटाला लागेल. गेलेली अर्धी नजर कदाचित परत येणार नाही. पण उरलेल्या अर्ध्या नजरेला दोन्हीकडे जायला शिकवता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या जखमी शिपायांनी आपल्याला दिलेला हा धडा आहे.