मुका पडदा बोलू लागला, त्याचा इतिहास

१/ १९९०च्या दशकात लिनक्सवर चित्रमय पडदा सुरू करताना एक चुकीचा आकडा मॉनिटरच्या जिवावर बेतू शकत असे. असे का?

२/ १९८४ साली एमआयटीच्या 'प्रोजेक्ट अथीना'मध्ये एक्स विंडो प्रणाली जन्मली. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली. १९९२मध्ये सुरू झालेल्या 'एक्सफ्री८६' प्रकल्पाने ती पीसीवर रुजवली.

३/ मात्र मॉनिटर मुका होता. त्याची क्षमता वापरकर्त्यानेच माहितीपुस्तिकेत शोधून फाइलीत लिहायची. ६४० × ४८० चित्रासाठी ८०० बिंदूंच्या ५२५ ओळींचा हिशेब धरावा लागे. कारण इलेक्ट्रॉनच्या झोताला मागे परतण्यासही वेळ हवा असे. सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळी!

४/ मर्यादा ओलांडली की चित्र फाटे, पडदा काळवंडे. काही जुने मॉनिटर निकामीही होत. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस एकदम दाबून एक्स तत्काळ बंद करणे, हाच तातडीचा उपाय.

५/ १९९४ साली 'व्हेसा' संस्थेने डीडीसी मानक आणले आणि मॉनिटर केबलमधूनच स्वतःची क्षमता कळवू लागला. २००९मध्ये लिनक्स कर्नेलने पडद्याची जुळणी स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. हाताने लिहिलेली ती फाइल हळूहळू अनावश्यक ठरली.

६/ तथापि एखादा सदोष अडॅप्टर आजही हा संवाद तोडतो. मग पडदा पुन्हा मुका होतो आणि 'एक्सरँडर' आज्ञेतून तेच जुने आकडे माणसालाच पुरवावे लागतात.