नाशिकचा खटला व ब्राउनिंगचें पिस्तूल

इ. स. १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. तें ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनीं लंडनहून चोरकप्प्याच्या पेटींतून धाडलेल्या विसांपैकीं होतें. वीस मावलीं कशीं? रिव्हॉल्वरला फुगीर चक्र असतें. ब्राउनिंगच्या १९०० च्या नमुन्यांत ७ काडतुसें मुठींतच रचलेलीं असत. बाराच्या धक्क्यानें मागें गेलेला सरकता भाग पुढें येतांना वरचें काडतूस लहानशा चढणीवरून नळीच्या मागील घरांत लोटी. चढण किंचित् चुकली कीं काडतूस अडलेंच! या रचनेनें हत्यार चपटें होऊन लपलें. माग मात्र लपला नाहीं. जानेवारी १९११ मध्यें सावरकरांस दुसरी जन्मठेप झाली. शस्त्राची घडण वगळून हा इतिहास अपुराच राहतो, असें आम्हांस वाटतें.