कावीळ, दिल्ली आणि जपून ठेवलेले लॉग

परवा ऑफिसातल्या एका मित्राला कावीळ झाली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "बाहेर पाणी कुठे प्यायलात?" बिचाऱ्याला काही आठवेना. मला मात्र दिल्लीची जुनी गोष्ट आठवली.

नोव्हेंबर १९५५. यमुनेचा पूर ओसरला आणि नदीचं पात्र सरकलं. नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वझिराबादला पोचलं. शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच उचललं जायचं! साधारण आठवडाभर हे चाललं. तिथली माणसं काही झोपलेली नव्हती. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. टायफॉइडची साथ आली नाही. म्हणजे टेस्ट पास.

आणि मग डिसेंबरात कावीळ सुरू झाली. जानेवारीपर्यंत सुमारे २९,३०० जण पिवळे पडले. गरोदर बायकांचे तर फार हाल झाले, त्यांच्यात मृत्यू जास्त होते. बॅक्टेरिया मेले होते, विषाणू तेवढ्या क्लोरीनला पुरून उरला.

ही हेपटायटिस ए चीच साथ, असं सगळ्यांनी धरलं. मार्ग तोच ना, विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात. पण एक गोष्ट खटकणारी होती. आपल्याकडे ए बहुतेकांना लहानपणीच, नकळत होऊन जायचा आणि मग जन्मभर प्रतिकारशक्ती राहायची. इथे तर तरणीताठी माणसं आजारी पडली होती.

नशीब, कुणीतरी त्या रुग्णांचं सीरम जपून ठेवलं होतं. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ते तपासलं. ए नाही, बी पण नाही! १९८३ मध्ये मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी स्वतः रुग्णांच्या विष्ठेचा अर्क पिऊन नवा विषाणू दाखवला. आज त्याला आपण हेपटायटिस ई म्हणतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रॉडक्शन कोसळलं की आधी लॉग शोधतो. इथे लॉग होते म्हणून पंचवीस वर्षांनी का होईना, खरा बग सापडला. ज्याची टेस्टच नाही, ते टेस्टमध्ये कसं पकडणार?

जाता जाता एक. आपण फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेली मंडळी. लहानपणी ए झाला नसेल, तर मोठेपणी तो जास्त त्रास देतो. त्याची लस मिळते. डॉक्टरांना एकदा विचारा तरी.