बंद करायचे बटण कुठे गेले?

मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट 1997 मध्ये ग्नोम हा डेस्कटॉप सुरू केला, तो परवान्याच्या प्रश्नावरून. वर्षभर आधी निघालेला केडीई हा डेस्कटॉप ज्या क्यूटी साधनांवर उभा होता, त्यांचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. लिनक्सला संपूर्ण मुक्त डेस्कटॉप हवा, हा त्यांचा आग्रह होता. पुढची मोठी भांडणे मात्र परवान्यावरून नव्हे, बटणांवरून आणि खिडक्यांवरून झाली.

सुरुवातीला मतभेद मिटवायची रीत सोपी होती. दोघांचे पटले नाही की सेटिंगमध्ये आणखी एक पर्याय टाकायचा. हौसेने, फुकट काम करणाऱ्याला नाही तरी कसे म्हणणार? 2001 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सामान्य लोकांना ग्नोम वापरायला देऊन निरीक्षण केले, तेव्हा या भिडेचा परिणाम दिसला. पडद्याच्या कडेच्या पट्टीवर लावायला एकाहून अधिक घड्याळे होती, आणि त्यांतले कोणते घ्यावे इथेच लोक गोंधळले.

रेड हॅट या लिनक्स कंपनीतील प्रोग्रामर हॅव्हॉक पेनिंग्टन यांनी 2002 मध्ये याच सवयीवर निबंध लिहिला. प्रत्येक पर्यायाची किंमत असते, असे त्यांनी मांडले: तो तपासावा लागतो, दुसऱ्या पर्यायांशी त्याची टक्कर होते, आणि मूळ दोष दुरुस्त करायचे राहून जाते. त्याच वर्षी जूनमध्ये आलेले ग्नोम 2 या विचाराने बरेच सुटसुटीत झाले होते. आराखड्याची लेखी नियमावलीही तेव्हाच आली. तिच्यामुळे वाद व्यक्तींवरून नियमांवर सरकला, आणि स्वयंसेवकांच्या प्रकल्पात ही लहान गोष्ट नव्हे.

पण काटछाटीचाही अतिरेक होतो.

मार्च 2004 मधल्या 2.6 आवृत्तीत नॉटिलस हा फाइल व्यवस्थापक प्रत्येक फोल्डर स्वतंत्र खिडकीत उघडू लागला. जुन्या मॅकिंटॉशवरून आलेल्या या कल्पनेमागे खरा विचार होता: फोल्डर म्हणजे ठरलेल्या जागी ठेवलेली वस्तू. प्रत्यक्षात पाच पायऱ्या खाली उतरले की पडद्यावर पाच खिडक्या. ही पद्धत बदलण्याची सोय होती, पण ती तांत्रिक सेटिंगच्या आडोशाला, जिथे सामान्य माणूस फिरकत नाही. एकाच खिडकीची पद्धत पुन्हा मूळ पद्धत झाली ती मार्च 2010 मध्ये. एवढ्या तक्रारींनंतर सहा वर्षे थांबणे हे धैर्य नव्हते, हट्ट होता.

मधल्या काळात, डिसेंबर 2005 मध्ये, खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लोकांना जाहीरपणे केडीई वापरायला सांगितले. ग्नोमवाले वापरणाऱ्याला मूर्ख समजतात, हा त्यांचा आक्षेप. भाषा कडवट होती. 2007 मध्ये मात्र त्यांनी ग्नोमसाठी सुधारणांचा कोड लिहून पाठवला, आणि तक्रार करण्याची ही रीत निश्चितच अधिक उपयोगी होती.

सर्वांत मोठा भडका उडाला 6 एप्रिल 2011 रोजी आलेल्या ग्नोम 3 मुळे. खिडकी खाली ठेवायचे बटण गेले. संगणक बंद करण्याचा पर्याय ऑल्ट कळ दाबल्याशिवाय दिसेना. नाराजांनी मतदान मागितले नाही. मुक्त परवान्याने दिलेला हक्क वापरला. जुन्या ग्नोम 2 चा कोड घेऊन मेट हा डेस्कटॉप उभा राहिला, लिनक्सची एक आवृत्ती असलेल्या लिनक्स मिंटने सिनॅमन हा डेस्कटॉप काढला. फाटे फुटणे ही मुक्त सॉफ्टवेअरची ताकद खरी, पण एकाच कामासाठी आता तीन ठिकाणी हात लागू लागले.

ग्नोमने माघार घेतली ती टप्प्याटप्प्याने. त्याच वर्षाअखेरीस डेस्कटॉपला हवी ती सोय जोडणाऱ्या विस्तारांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ मिळाले, 2012 मध्ये बंद करायचा पर्याय समोर आला आणि 2013 मध्ये जुन्या वळणाची ‘क्लासिक’ मांडणी.

मार्च 2021 मधल्या ग्नोम 40 ने कामाच्या जागांची उभी रांग आडवी केली. बदल लहान नव्हता, पण या वेळी आराखडा पक्का करण्याआधी मुलाखती, सर्वेक्षण आणि नमुन्यांच्या चाचण्या झाल्या होत्या. ही तयारी 2011 मध्येच झाली असती, तर मेट आणि सिनॅमन कदाचित जन्मलेच नसते.