तारापूर : कारखान्यांना जमीन, सांडपाण्याला खाडी

बोईसर स्थानकात प्रथमच उतरणाऱ्याला तारापूर शोधावे लागते. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला ज्या तारापुरात आहे, ते गाव समुद्राकाठी, चिंचणीच्या शेजारी आहे. अणुवीज केंद्र त्याच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर उभे आहे. 'तारापूर औद्योगिक वसाहत' मात्र बोईसरला खेटून, रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला पसरली आहे. नावाचा हा घोळ वरवर निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात या परिसराचा कारभारही असाच विभागलेला आहे. भूखंड आणि पाणीपुरवठा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, वस्त्यांचा कारभार ग्रामपंचायतींकडे, प्रदूषणावर देखरेख राज्य मंडळाकडे, आणि सांडपाणी अखेर ज्या समुद्राला मिळते तो मच्छीमारांच्या वाट्याला.

देशातील पहिले अणुवीज केंद्र येथे ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाले. त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत उभी राहिली. मुंबईतून कारखाने बाहेर हलविण्याचे सरकारी धोरण, मागास भागासाठीच्या सवलती, पश्चिम रेल्वे, जवळून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सूर्या नदीचे पाणी एवढे सारे एकत्र आल्यावर उद्योजकांना आणखी काय हवे होते! कापडप्रक्रिया, पोलाद, रंगद्रव्यांची मध्यवर्ती रसायने, कीटकनाशके आणि औषधांचा कच्चा माल तयार करणारे हजाराहून अधिक उद्योग येथे आले. यांतील कापड आणि रसायन या दोन्ही शाखांना पाणी भरपूर लागते आणि त्यांचे सांडपाणी शुद्ध करणे सर्वांत कठीण असते, ही बाब वसाहतीच्या आखणीत पुरेशी गांभीर्याने घेतली गेली नाही.

कारखान्यांपाठोपाठ माणसे आली. सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली, कोलवडे या गावांच्या भातखाचरांवर प्रथम चाळी आणि पुढे इमारती चढल्या. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जमिनीच्या भावांना ही दोन कारणे पुरेशी होती. २०११ च्या जनगणनेत बोईसरची गणना शहरांत झाली खरी, पण तेव्हा तेथे कारभार ग्रामपंचायतीचाच होता. शहराएवढा कचरा आणि गावाएवढी यंत्रणा अशी ही अवस्था. कारखाना आणि वस्ती यांच्यात राखायचा मोकळा पट्टा या ओढाताणीत नाहीसा होत गेला. जानेवारी २०२० मध्ये कोलवड्याच्या एका रसायन कारखान्यात झालेल्या प्राणघातक स्फोटाचे हादरे दूरवरच्या घरांनाही बसले, तेव्हा हे अंतर किती उरले आहे ते सर्वांना कळले.

सांडपाण्याचा प्रवास समजून घेतल्याशिवाय तारापूरचा प्रश्न कळत नाही. प्रत्येक कारखान्याने आपल्या आवारात प्राथमिक प्रक्रिया करायची, आम्लता काढायची, गाळ वेगळा करायचा आणि मग पाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे सोडायचे, अशी ही व्यवस्था आहे. केंद्रात जिवाणूंच्या साह्याने सेंद्रिय घाण खाऊन टाकली जाते. परंतु हे जिवाणू नाजूक असतात. एखाद्या कारखान्याने रात्री विद्रावकयुक्त किंवा अतिक्षारयुक्त पाणी सोडले, की ते मरतात आणि मग सर्वांचेच पाणी अर्धवट प्रक्रियेने बाहेर पडते. दहा जणांनी नियम पाळावेत आणि अकराव्याने ते धुळीस मिळवावेत, असा हा मामला आहे. त्यात क्षमतेची तूट. येथील केंद्र प्रतिदिन २५ दशलक्ष लिटरचे होते आणि वसाहतीतून त्याहून कितीतरी अधिक सांडपाणी येत होते. ५० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र आले, तोवर अनेक वर्षे हे जादा पाणी नाल्यांतून खारेकुरण-मुरब्याच्या खाडीकडे जात राहिले. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाहिनी नवापूरच्या किनाऱ्याकडे जाते.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष निर्देशांक काढला. हवा, पाणी आणि जमीन यांचे मिळून ७० पेक्षा अधिक गुण म्हणजे अतिप्रदूषित. तारापूरला ७२.०१ गुण होते. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीवर केंद्राने बंदी घातली. पुढे राज्यांनी कृती आराखडे सादर केल्यावर ती क्षेत्रागणिक उठत गेली. २०१८ च्या मूल्यमापनात १०० क्षेत्रे होती आणि ९३.६९ गुणांसह तारापूर देशात पहिले आले. दरम्यान गुणांकनाची पद्धत बदलली असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवताना सावधगिरी हवी. पहिला क्रमांक मात्र त्याच वर्षीच्या, एकाच मापाने मोजलेल्या यादीतला आहे.

या साऱ्यात दाद मागायला गेले ते मच्छीमार. मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी, सातपाटी ही पापलेटसाठी ओळखली जाणारी किनारपट्टी. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तो याच समुद्रातला. खाडीत मासे मरून तरंगणे हा इथल्या कोळ्यांच्या अनुभवाचा भाग. न्यायाधिकरणाने तज्ज्ञ समिती नेमली आणि जानेवारी २०२२ च्या निकालात शंभराहून अधिक उद्योग, सामुदायिक केंद्र आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्यावर आर्थिक जबाबदारी निश्चित केली. जमीन वाटणाऱ्या संस्थेलाही प्रदूषणाच्या हिशेबात ओढणारा हा निकाल म्हणूनच महत्त्वाचा.

शेजारच्या डहाणू तालुक्यात याच किनाऱ्याची गोष्ट वेगळी घडली. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. उद्योगांसाठी फार तर ५०० एकर जमीन आणि सीमेबाहेर २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा, असे बंधन आले. तारापूरची वसाहत या पट्ट्यातच, पण आधीपासूनच उभी होती! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला गंधकवायू रोखणारे संयंत्र बसविण्याचा आदेश या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला आणि ते २००७ मध्ये कार्यान्वित झाले. आठ वर्षे लागली, पण पाठपुरावा करणारी एक जागा होती. तारापूरला अशी जागा मिळाली नाही.

घनकचऱ्याची बाजू कमी चर्चिली जाते. घातक कचरा कारखान्यात ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही. तो पाठवायचा तळोज्याला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर दूर आणि पैसे मोजून. ओढ्याकाठी रात्री ओतलेल्या टँकरचे आणि माळावर फेकलेल्या पिंपांचे अर्थशास्त्र या अंतरात दडले आहे. सांडपाणी बाहेर न सोडता आटवून टाकण्याची पद्धतही यातून सुटत नाही. पाणी उडून गेल्यावर मागे राहणारा क्षार हाही घातक कचराच असतो आणि त्यालाही तळोज्याचीच वाट धरावी लागते.

पालघरलगत सिडकोने जिल्हा मुख्यालय उभारले असून त्याभोवती नवे शहर आखले आहे. वसाहतीलाही पाणी पुरवणाऱ्या सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदरामागोमाग गोदामे, रस्ते आणि कामगारवस्त्या येतील, आणि त्या जमिनीचे आराखडे आखताना सांडपाण्याचे केंद्र, त्याची वाहिनी आणि घातक कचऱ्याची जागा भूखंडवाटपाच्या आधी नकाशावर येते की नंतर, हे मुरब्याच्या खाडीकाठी बारकाईने पाहिले जात आहे.